उभ्या पायाचा फोटो

आबांचे पाय यंत्राच्या पांढऱ्या कड्यात गेले आणि दिसेनासे झाले. गुडघ्यापासून वरचे आबा तेवढे उरले. खोचलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर ठेवलेले हात, आणि डोक्याचा पटका. तो काढू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा यंत्रावरची मुलगी, स्वप्ना, म्हणाली होती, "राहू दे की बाबा, फोटो पायाचाय." मी काचेच्या अलीकडे तिच्या खुर्चीमागे उभी होते. माझी लेक सृष्टी बाहेर बाकावर आमच्या यांच्यापाशी होती आणि तिचं रडणं दारातून बारीक येत होतं. स्वप्नाने माइकचं बटण दाबलं. "बाबा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या. आणि आता अजिबात हलायचं नाही." आबा हलले नाहीत. कड्याच्या आत काहीतरी सावकाश घरघरत त्यांच्या पावलांभोवती फिरून आलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला त्यांची मान दिसली. उजवीकडे बोटभर कललेली. उजवा खांदा किंचित उतरलेला. दुसऱ्या कुणाला ती नुसती म्हाताऱ्या माणसाची मान वाटली असती. मला मात्र ती ओळखू आली. आबांचा डावा पाय यंत्रात होता, पण आबा त्याच्यावर उभे नव्हते.

"एक नंबर!" स्वप्ना म्हणाली. "ताई, लोक इथं नुसते डुलतात हो. चार-चारदा काढायला लागतं. तुमचे वडील म्हणजे खांब आहेत खांब." ती पडद्यावर काहीतरी जुळवत होती. तिला मी काय सांगणार होते? की खांब एकाच पायावर उभा होता, आणि तसं उभं राहणं हे त्याचं आयुष्यभराचं काम होतं?

आबांना उभं राहताना ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे कळणार नाही. मेंढरं चरायला सुटली की आबा काठी काखेत रोवत, एक पाऊल उचलून दुसऱ्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला लावत, आणि मग तासन्‌तास तसेच. आमच्यातले सगळेच मेंढके तसे उभे राहतात, पण लांबून मला आबा ओळखू येत, कारण बाकीचे मधूनच टेकत आणि आबा टेकत नसत. दिवसा ते बसत तर कधीच नसत. मेंढक्या बसला की मेंढरांना कळतं, ती पांगतात, असं म्हणत. लहानपणी, वडूजच्या आमच्या माळावर किंवा दिवाळीनंतर खाली आष्ट्याकडे उसाच्या रानात तळ पडला की, मी आईने दिलेली भाकरी घेऊन जायची ती त्या एका पायाच्या माणसाच्या दिशेने. माझ्यासाठी वडील म्हणजे लांबून एका पायाचे, आणि जवळ गेलं की दोन पायांचे, असे होते. आता त्या खोलीत उभी राहून मी आठवायला लागले, कुठला पाय वर असायचा? कधी डावा, कधी उजवा. तो बदलायचा. नक्की बदलायचा. मग तो बदलायचा कधी थांबला? माझ्या लग्नातल्या फोटोत आबा मांडवाच्या खांबाला टेकून उजव्या पायावर उभे आहेत. बिरदेवच्या, माझ्या भावाच्या, साखरपुड्यात उजव्या पायावर. सृष्टीच्या बारशाला उजव्या. मी मनातल्या मनात एकेक फोटो चाळत होते, आणि मला उजवा पायच भेटत होता.

मान बघायला मला त्यांनीच शिकवलं. सहा-सात वर्षांची असेन. संध्याकाळी वाघर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण उभं करायचं, त्याच्या आत मेंढरं घ्यायची, आणि आत जाताना आबा मला तोंडाशी उभं करायचे. "सांग, लंगडी कंची?" मी खाली वाकून पाय बघायची. शंभर मेंढरांचे चारशे पाय, धूळ, काही दिसायचं नाही. आबा हसायचे. "पाय बघू नगंस, खुळे. मेंढरू पाय लपीवतं. मागं पडलं तर लांडगा धरंल म्हून भ्यातं ते. मान बघ. मान लपीवता येत न्हाई." आणि खरंच, त्या पांढऱ्या-काळ्या लाटेत एखादी मान दर पावलाला जराशी खाली जायची, बाकीच्यांपेक्षा वेगळी. मी बोट दाखवायची. आबा तिला उचलून बाजूला घ्यायचे, तिचा खूर तासायचे, हळद भरायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती तळाजवळच राहायची. लंगडं मेंढरू आबांनी कधी विकलं नाही. व्यापारी ते पहिल्यांदा मागतात, स्वस्तात मिळतं म्हणून. आबा म्हणत, आपल्यापायी लंगडं झालं ते.

पायाचा फोटो पहिल्यांदा साताऱ्यात काढला तो गेल्या वर्षी. बिरदेव घेऊन गेला होता. तिथे टेबलावर झोपवलं, मोठ्या यंत्रात सरकवलं, आणि दोन दिवसांनी सांगितलं की विशेष काही नाही, वयामुळे थोडी झीज, गोळ्या घ्या. तेव्हापासून घरात आबांच्या पायाच्या दुखण्याला कुणी दुखणं म्हणेना. बिरदेवची बायको संयोगिता एकदा मला फोनवर म्हणाली, "वन्सं, मामांजीस्नी कटाळा आलाय चालायचा, दुसरं काय न्हाई." आणि आबाही त्यावर खूश होते. कारण बिरदेवने अट घातली होती. डॉक्टरांनी पाय चांगला आहे असं लिहून दिलं तर यंदाही दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरायचं, दोघांनी. नाहीतर खांड, म्हणजे सगळा कळप, लालासाहेब व्यापाऱ्याला देऊन टाकायची आणि बिरदेव इस्लामपूरच्या कारखान्यावर ट्रॅक्टरला जाणार. एकट्याने त्याला जमत नाही, हे खरंच आहे. पण मधल्या काळात आबा पायऱ्या उतरताना आडवे उतरायला लागले होते, आणि हे माझ्या डोळ्यांनी पाहिल्यावर मी दिग्विजयना म्हणजे आमच्या यांना म्हणाले, सांगलीत दाखवू. इथल्या डॉक्टरांनी आबांना चालायला लावलं, बुटांचे तळवे बघितले, आणि साताऱ्याचा फोटो बाजूला ठेवला. "हा झोपलेल्या पायाचा फोटो आहे," ते म्हणाले. "झोपलेल्या पायाला कसली तक्रार असणार? अंगाचा भार पडला की आतली हाडं कशी बसतात ते बघायला हवं. उभ्या पायाचा फोटो निघतो आता."

आबांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हे मी दुपारी लिहिते आहे. सृष्टी झोपली की मला पाऊण तास मिळतो, त्यात डाळीचा कुकर आणि हे. मध्येच उठून तिच्या अंगावरचं पांघरूण बघून येते. ती चौदा महिन्यांची आहे आणि आत्ता कुठे कशाला तरी धरून उभी राहते. उभी राहिली की तिच्या पावलांची बोटं फरशी धरतात, मांजराच्या पंजासारखी, आणि कपाळावर आठी येते. भार येणं म्हणजे काय ते तिला नवीन आहे. मी तिच्याकडे बघत बसते आणि मला तो व्हरांडा आठवतो.

यंत्राच्या खोलीबाहेरचा व्हरांडा. दिग्विजय ऑफिसला निघून गेले होते, सृष्टी माझ्या कडेवर होती, आणि आबा भिंतीला पाठ लावून उभे होते. समोर तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. स्वप्ना म्हणाली होती, दहा मिनिटं थांबा, चित्रं तयार झाली की डॉक्टरांकडे पाठवते. आबांचा चेहरा शाळेत पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा झाला होता.

"झालं न्हवं? निगायचं मग. चारच्या गाडीनं गेलो तर बिरदेवला आजच सांगतो. त्यो शेजारचा अर्जुनाबी यायचा म्हणतोय संगं, त्येची बी चाळीस मेंढरं हायती."

मी गप्प बसू शकत होते. फोटो चांगला येणार होता. डॉक्टर म्हणणार होते, साताऱ्याचंच बरोबर. आबा दिवाळीनंतर आष्ट्याला चालत उतरणार होते, आणि रानात उभे राहणार होते, आणि खूश असणार होते. खरं तर मला तेही हवं होतं. आबांशिवाय मेंढरं आणि मेंढरांशिवाय आबा, दोन्ही मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. पण सृष्टीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेताना माझंच तोंड उघडलं. आबांशी बोलताना माझी जीभ आपोआप गावाकडे वळते.

"आबा, डावा पाय टेकला न्हवता तुमी."

"टेकला हुता की."

"टेकला हुता. भार न्हवता दिला."

आबा माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले. "काचंतनं तुला पाय दिसला व्हय?"

"पाय न्हाई. मान दिसली."

मग त्यांच्या मिशीत हसू आलं. "ह्ये कुणी शिकीवलं तुला?"

"तुमीच."

"मग माजंच चुकलं."

एक परिचारिका औषधाची ढकलगाडी घेऊन गेली. आम्ही दोघं बाजूला झालो. बाजूला होताना आबांनी डावा पाय टाकला नाही, उजव्यानेच एक लहानशी उडी घेतल्यासारखं केलं. आता मला ते सगळं दिसायला लागलं होतं, एकदा दिसलं की झाकता येत नाही. आणि त्याच क्षणी मला हिरवी पट्टी आठवली. ती मला सोळा वर्षांत एकदाही आठवली नव्हती, किंवा मी ती आठवू दिली नव्हती.

पाचवीला मला इस्लामपूरला वसतिगृहात घातलं त्या दिवशी. त्या साली पाऊस लांबला होता म्हणून जून आला तरी आमचा तळ आष्ट्याच्या रानातच होता. सकाळची एसटी चुकली, तेव्हा आबांनी माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि आम्ही चालत निघालो. वसतिगृहाच्या फाटकात मुली रिक्षातून, मोटारसायकलवरून उतरत होत्या. त्यांच्या आयांच्या अंगावर घडीच्या साड्या होत्या. आबांच्या खांद्यावर पेटीखाली घोंगडं होतं, आणि त्याला मेंढरांचा वास होता, जो तोवर मला वास म्हणून माहीतच नव्हता. मला मुलींच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी खाली बघत राहिले. खाली आबांचे पाय होते. डाव्या घोट्याला आईच्या लुगड्याची हिरवी पट्टी बांधलेली होती आणि तिच्या वर-खाली पाय टम्म सुजला होता. मी ते बघितलं. काय झालं, कसं लागलं, दुखतंय का, यातलं काही मी विचारलं नाही. मला एवढंच वाटत होतं की पेटी ठेवावी आणि आबांनी जावं.

"हॉस्टेलला सोडाया आला तवा पाय बांधलेला हुता तुमचा," मी म्हणाले. "हिरवी पट्टी हुती. आईच्या लुगड्याची."

आबांनी आता माझ्याकडे बघितलं. "तुला दिसली हुती?"

"व्हय."

"आदल्या दिशी ओढ्यात मुरगाळला. कोकरू हुतं हातात, त्येला सोडाया आलं न्हाई." मग म्हणाले, "तुला दिसली हुती, तर बोलली न्हाईस तवा." त्यात राग नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं.

"मला वाटत हुतं तुमी लवकर जावं." हे वाक्य मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, दिग्विजयनाही नाही. सृष्टीचं डोकं माझ्या गळ्याशी होतं म्हणून सांगता आलं असेल.

"ते कळलं हुतं की," आबा म्हणाले. "म्हून तर लवकर गेलो. पोरी बघत हुत्या तुज्या. वळणापतूर सरळ चालत गेलो. वळाण आल्यावर बसलो मग, सांजपतूर तितंच हुतो."

वळण मला माहीत आहे. फाटकापासून चांगलं लांब आहे, मध्ये एक चढ. पाच वर्षं मी रोज त्या रस्त्याने शाळेत गेले. मला त्या चढावर पाठमोरे, ताठ चालणारे आबा आठवतात, आणि मला तेव्हा किती बरं वाटलं होतं तेही आठवतं. मेंढरू पाय लपवतं. पण मागे पडण्याच्या भीतीने नव्हे. निदान त्या दिवशी तरी नव्हे.

सृष्टीने आबांच्या पटक्याकडे हात केला. आबांनी तिच्या बोटांत पटक्याचं टोक दिलं, पण तिला घेतलं नाही. ते तिला उभ्याने कधीच घेत नाहीत. घरी आले की खाली बसतात, मांडी घालतात आणि मग म्हणतात, दे. सासूबाई एकदा सहज बोलून गेल्या होत्या, तुझ्या वडिलांना पोरीचा लळा कमीच गं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिली मुलगीच झाली म्हणून असेल, असंही वाटून गेलं होतं.

"हिला उभं राहून कवा घेतलं न्हाई तुमी," मी म्हणाले. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाई."

"बोल की."

"वाटलं, नात हाय म्हून."

आबांचा चेहरा एकदम उतरला. पटक्याचं टोक सृष्टीच्या तोंडात गेलं होतं, ते त्यांनी हळूच सोडवलं. "पडंल म्हून घेत न्हाई गं," ते म्हणाले. "पाय मधीच जातो. मला काय हुतंय, शिष्टी पडंल." त्यांना सृष्टी म्हणता येत नाही. मग त्यांनी एकवार यंत्राच्या दाराकडे बघितलं, पटका सारखा केला आणि म्हणाले, "बलीव त्या पोरीला."

स्वप्नाने कपाळावर हात मारला. "अहो बाबा! मग मघाशीच सांगायचं ना!"

"तुमी कुटं इचारलं? हालू नका म्हनलासा. हाललो का?"

"नाही हो, हलला नाहीत," ती हसली. "तिथं तुम्ही मला फसवलंत." तिने डॉक्टरांना फोन लावून पुन्हा काढायची परवानगी घेतली, सृष्टीला बाहेर दवाखान्याच्या मावशींकडे द्यायला लावलं, आणि आबांना स्वतः हात धरून पायरीवर चढवलं. "दांड्या नुसत्या धरायच्या. त्यांच्यावर रेलायचं नाही. तुमचं सगळं वजन पायांवर, दोन्ही. जमेल?"

"बघू," आबा म्हणाले.

कडं पुन्हा बंद झालं. पाय पुन्हा दिसेनासे झाले. मी या वेळी मानेकडेच बघत होते. आधी ती तशीच होती, उजवीकडे बोटभर. मग आबांनी डोळे मिटले, आणि मान सावकाश मध्ये आली. खांदे सारखे झाले. गळ्यावरची शीर उभी राहिली, कपाळावर आठी आली, नेमकी सृष्टीच्या कपाळावर येते तिथे. "हलू नका बाबा," स्वप्ना माइकमध्ये म्हणाली, पण तिचा आवाज मघासारखा नव्हता. ते हलले नाहीत. यंत्र फिरत होतं आणि मी मोजत नव्हते, तरी मला वाटतं, फाटकापासून वळणापर्यंतचा चढ त्यापेक्षा लांब नसेल.

पडद्यावर तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. पहिल्या चित्रात घोट्याच्या दोन हाडांमध्ये एक काळी फट होती, दाराखालून अंधार दिसावा तशी. दुसऱ्या चित्रात ती फट नव्हती. वरचं हाड खालच्यावर बसलेलं होतं, आणि टाचेचं हाड बाहेरच्या अंगाला झुकलं होतं. "डॉक्टर सांगतील," स्वप्ना म्हणाली, पण माऊसवरचा तिचा हात बराच वेळ तिथेच राहिला.

डॉक्टरांनी फार घोळवलं नाही. सांधा झिजून गेलाय, जुन्या दुखापतीने, म्हणाले. तीन महिने पट्ट्याचा बूट, मग गरज पडली तर ऑपरेशन करून सांधा पक्का बसवून टाकायचा. दुखणं जाईल, वाकणं जाईल.

"मेंढरामागं?" आबांनी विचारलं.

"एवढ्यात नाही."

"एवढ्यात म्हंजी?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी माझ्याकडे, मग आबांकडे बघितलं. "नाहीच म्हणा, बाबा."

आबांनी मान डोलावली. दर पावलाला खाली जाणारी नव्हे, नुसती, समजलं म्हणून डोलावतात तशी.

बाहेर दोनचं ऊन होतं. फाटकाशी कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. आबांनी मला बिरदेवला फोन लावायला सांगितला, आणि तो कानाला न लावता तोंडासमोर धरून, गावाला हाक मारावी तसे ते बोलले. "बिरदेवा, फोटू निघाला. व्हय. न्हाई. न्हाई जमत. लालासाहेबाला येऊ दे." पलीकडे बिरदेव काहीतरी बोलत होता. त्याचा आवाज एकदा फाटला, मग खाली आला. आबा ऐकत राहिले. "आता कशाला रडतोस, गड्या? आईक. दोन लंगडी हायती, काळ्या कानाची आन ती म्हातारी. ती त्येला दावू नगंस. ती दोन घरातच ऱ्हात्यात, माज्यासंगं."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाकाकडे गेले. आडवे, डावा पाय जपत, आता काही न लपवता. आणि भर दुपारी, लोकांच्या वाटेत, ते बसले. डावा पाय लांब करून उन्हात ठेवला. पटका काढून मांडीवर घेतला. मी बघतच राहिले, कारण आबांना दिवसा असं घराबाहेर बसलेलं मी पाहिलंच नव्हतं.

"दे तिला हिकडं," त्यांनी हात पुढे केले. सृष्टी त्यांच्या मांडीवर गेली आणि पटका दोन्ही हातांनी ओढायला लागली. मी समोर उभी होते, रिकामी, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. आबांनी वर बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"बस की तूबी. हितं मेंढरं न्हाईत."